टँकर न लागणारं गाव

पेठ-सुरगाण्याच्या बाजूला माझं नाव काशिनाथ आहे हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मी कुणाच्या लग्नाला गेलो, कुणाच्या दहाव्याला गेलो, नाहीतर नुसता एसटीनं बाजाराला गेलो, तरी रस्त्यावरची पोरं मला बघून ओरडायची, "टँकर आला, टँकर आला." डोक्याला टोपी, हातात पिशवी, पायात चपला, मागेपुढे कुठं गाडीचा पत्ता नाही, तरी मी आपला टँकरच. बायको सुरुवातीला चिडायची. म्हणायची, माणसाला कुणी गाडीच्या नावानं हाक मारतं का? पुढे पुढे तीच शेजारणीला सांगायला लागली, "आमचा टँकर यायचाय अजून, त्याचं जेवण झाकून ठेवलंय."

माझं काम सांगायला सोपं आहे. उन्हाळ्यात ज्या गावांच्या विहिरी आटतात तिथं पाणी पोचवायचं. धरणाच्या कडेला एक मोठी विहीर होती, तिथं टँकर भरून घ्यायचा आणि डोंगरातल्या पाड्यांवर न्यायचा. एका फेरीला आम्ही खेप म्हणतो. शहरातल्या लोकांना वाटतं, टँकर दारोदार थांबतो आणि बायका नळीनं हंडे भरून घेतात. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तसं नव्हतं. गावच्या कोरड्या विहिरीला टँकर मागून लावायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळं पाणी विहिरीत सोडून द्यायचं. मग काठावरच्या बायका तेच पाणी दोरीनं पुन्हा वर ओढणार. जिनं माणसांना पाजायचं त्या विहिरीलाच आपण पाजतोय, हे मला पहिल्या वर्षी फार चमत्कारिक वाटलं होतं. नंतर सवय झाली. आमच्या भागाचं निम्मं नुकसान या सवयीनंच केलंय असं मला आता वाटतं.

हंगामातल्या पहिल्या खेपेला मोठा मान असतो. बायका टँकरला हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो. एका गावात एका आजीनं भक्तीच्या भरात समोरच्या काचेवर ओल्या हळदीचे दहाही बोटांचे ठसे उमटवले. वायपर फिरवला तर सगळी काच पिवळीधमक झाली आणि मला पुढचा घाट खिडकीतून मान बाहेर काढून उतरावा लागला. पण त्या मानाचा मला कधी आनंद झाला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. कपाळाला टिळा लावून घेताना छाती थोडी फुगायची. आपली वाट बघणारं एखादं घर असलं तरी माणूस खूश असतो, माझी वाट तर गावंच्या गावं बघत होती.

गाडी चालवणं आणि पाणी चालवणं यात फरक आहे. भरलेला टँकर जड असतो पण शहाणा असतो, सांगाल तसा वागतो. रिकामा टँकर खडखड करतो, तेवढंच. खरा धोका अर्ध्या टँकरचा. घाटात ब्रेक दाबला की आतलं पाणी धावत पुढे येतं आणि गाडीला ढकलतं, वळणावर एका अंगाला जातं आणि गाडी कलंडवायला बघतं. आत आडव्या पट्ट्या असतात, पण पाणी पट्ट्यांना किती जुमानणार. म्हणून आमचा नियम होता की एक तर पूर्ण ओतून यायचं, नाहीतर पूर्ण भरलेला परत आणायचा. आणि चांगलं पाणी रस्त्यावर सोडून द्यायचं नाही, हा दुसरा नियम. तो कुणी शिकवला नव्हता. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरणारी बाई ज्यानं बघितली आहे त्याच्या हातून ते होत नाही.

पावसाळ्यात डोंगरातलं काम थांबायचं. मग टँकरचा मालक मला नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या सोसायट्यांना पाणी टाकायला पाठवायचा. तिथली गिऱ्हाइकं निराळी. एक गृहस्थ आधी मला ते पाणी प्यायला लावायचे, पाच मिनिटं माझ्याकडे बघत उभे राहायचे आणि मग टाकी भरू द्यायचे. एका सोसायटीच्या कुंपणावर झाडं लावा, पाणी वाचवा असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. तिथले चेअरमन मला अभिमानानं सांगायचे की पार्किंगसाठी मागची सहा जुनी झाडं काढली, आता गाड्यांवर पक्षी घाण करत नाहीत. त्याच सोसायटीची बोअर पुढच्या मार्चमध्ये धापा टाकायला लागली. नंतर मी गेलो तेव्हा चेअरमन मला म्हणाले, "काशिनाथराव, पाऊसच कमी झालाय हो." मी मान डोलावली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो.

पण पाऊस कमी म्हणून टँकर लागतो, हे आमच्या पेठ-सुरगाण्याला तरी लागू नाही. आमच्याकडे आषाढात पाऊस असा कोसळतो की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागतं. नाशिक शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पडतो. नाले फुटतात, फरशीपूल पाण्याखाली जातात, शाळा बंद. आणि होळी झाली की त्याच गावातून फोन, टँकर कधी येणार? कारण डोंगर उघडे पडलेत. पडलेलं पाणी थांबायला जागाच नाही. आलं तसं मातीसकट पळतं, नद्यांतून थेट गुजरातेत आणि तिथून समुद्रात. ज्या गावात जून ते सप्टेंबर लोक पावसानं हैराण, त्याच गावात एप्रिलमध्ये मी. माझी भाकरी या उलट्या कारभारावर चालली होती.

या सगळ्या पट्ट्यात एका गावाला मी कधी खेप टाकली नाही. जांभूळदरा. मुख्य रस्त्यावरून त्याचा फाटा लागायचा, फाट्यावर चहाची टपरी होती, आणि आमच्या गाड्या तिथं न वळता सरळ पुढं जायच्या. माझी मुलगी यमुना लग्नाची झाली तेव्हा मी मनात एकच गोष्ट ठरवली होती. मुलगा काळा का गोरा, शेत किती, नोकरी आहे का नाही, हे बायको बघेल. मी फक्त एवढं बघणार की त्या गावाला टँकर लागतो का. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना विहिरीत वाकताना बघितलं होतं. माझ्या पोरीला तिथं वाकलेलं मला बघायचं नव्हतं.

बघायला गेलो तेव्हा मुलाची आई, म्हणजे माझ्या आताच्या विहीणबाई सखूबाई, नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसल्या होत्या. मी विचारलं, "पाण्याचं कसं आहे इकडं?" त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "तुम्हीच सांगा ना. तुम्ही टँकर चालवता. आमच्याकडं कधी आलात का?" सोयरीक तिथंच ठरली. मुलगा हिरामण, बारावी झालेला, कष्टाळू, जरा उत्साही. उत्साही माणसाची मला थोडी धास्ती वाटते, पण जावई म्हटल्यावर काही ना काही असणारच.

जांभूळदऱ्याला पाणी का आहे हे मला लग्नात कळलं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जुनं रान. जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर, करंज, आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. आत दिवसासुद्धा सावली इतकी दाट की उन्हातून आलेल्याला पहिल्यांदा काही दिसत नाही. पाय ठेवाल तिथं कुजलेल्या पानांची गादी, दाबली की ओली. आणि त्या रानाच्या पायथ्याशी दगडाच्या खोबणीतून करंगळीएवढा झरा येतो. वैशाखातसुद्धा करंगळीएवढाच, पण येतो. मला ते बघून माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवली. आषाढात आपोआप भरणारा आणि पुढच्या आषाढापर्यंत व्हॉल्व्ह थोडासाच उघडा ठेवणारा हा एक टँकर होता, फक्त त्याला ड्रायव्हर लागत नव्हता.

रानाचे नियम कडक. कुऱ्हाड न्यायची नाही. चपला बाहेर. वाळकी फांदी पडली तरी घरी न्यायची नाही, ती दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला देवाचा नैवेद्य शिजवायलाच वापरायची. झऱ्याला मोटार लावायची नाही, पाणी हंड्यानंच भरायचं. देव म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा, वाघदेव, वर छप्पर नाही. बापजाद्यांपासून तो तसाच उघड्यावर बसलेला होता.

नात छबू पाच वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. एका बांधकाम ठेकेदाराचा फोन आला, "काशिनाथ, एक टँकर टाकायचाय. देवाचं काम हाय, जांभूळदऱ्यात."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणालो, "जांभूळदऱ्यात पाणी कशाला?"

"काँक्रीटला. त्या झऱ्याला मोटार लावू देत नाहीत हे लोक. आता हंड्या-हंड्यानं पाया भरू का मी?"

देवाचं काम, आणि मुलगीही भेटेल, असा विचार करून मी हो म्हणालो. नेहमीच्या विहिरीवर टँकर भरला. बाजारातून छबूसाठी गोडी शेव घेतली. फाट्यावर पहिल्यांदाच गाडी आत वळवली तेव्हा टपरीवाला किटली हातात धरून बाहेर आला आणि मी दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

गावात शिरलो तर पोरं गोळा झाली. पण गप्प. त्यांनी एवढा टँकर जवळून बघितलाच नव्हता, काही जण चाकाला हात लावून बघत होते. तेवढ्यात यमुनाच्या घरातून छबू धावत बाहेर आली. मी खिडकीतून हात हलवला. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती मोठ्यानं ओरडली, "टँकर आला, टँकर आला," तशीच आत पळाली आणि तिची छोटी पितळी कळशी घेऊन टँकरच्या मागे पहिल्या नंबरला जाऊन उभी राहिली.

हे ती माझ्या गावात, खडकपाड्यात, शिकली होती. सुट्टीत आईबरोबर आजोळी यायची, तिथं टँकर आला की लहान पोरांनी आधी पळत जाऊन नंबर धरायचा असतो. बाकीची पोरं तिच्याकडे बघत राहिली. मग एक मुलगा घरात गेला आणि तोही तांब्या घेऊन आला. मग आणखी एक. मी गाडीत बसून आरशात ती रांग बघत होतो. ज्या रांगेतून मी माझ्या पोरीला बाहेर काढलं होतं, ती रांग मीच टँकरमागे बांधून तिच्या दारात आणली होती.

यमुना दारात आली. "बाबा, तुम्ही टँकर घेऊन आलात?" एवढंच म्हणाली आणि छबूच्या हातातली कळशी काढून घेऊन आत गेली.

हिरामण मात्र खुशीत होता. पाया पडला आणि मला वर देवराईकडे घेऊन गेला. चपला काढायला आम्ही दोघंही विसरलो नाही. तिथं बघतो तर आत शिरायच्या वाटेवरची गारंबीची जुनी वेल तोडून बाजूला टाकलेली, झुडपं साफ केलेली, आणि शिळेच्या भोवतीच्या जांभळांवर, एका मोठ्या हिरड्यावर चुन्याचे पट्टे मारलेले. झऱ्याच्या डोक्यावरची तीच झाडं होती.

"उद्या सकाळी तोडायला माणसं येणार," हिरामण म्हणाला. "इथं मंदिर. समोर मंडप. खाली फरशी. गाडी थेट इथपर्यंत येईल. मामा, पलीकडच्या गावात त्यांच्या देवाला घुमट झाला, संगमरवर बसला. आन आमचा देव ऊनपावसात भिजतो. लोक काय म्हणत असतील?"

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. गावच्या तरुण मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढली होती, स्वतः श्रमदान केलं होतं. ज्या देवानं रान राखलं त्या देवाच्या प्रेमापोटीच रान तुटणार होतं. वाईट माणूस समोर असला तर भांडता येतं. इथं माझा जावईच हात जोडून उभा होता. आणि आमच्यात सासऱ्यानं जावयाच्या गावात तोंड चालवायचं नसतं. मी म्हणालो, "बघा, तुम्ही ठरवलंय ते," आणि खाली आलो. ठेकेदाराची माणसं आली की पाणी त्यांच्या टाकीत सोडायचं आणि निघायचं, एवढंच डोक्यात होतं.

अंगणात सखूबाई बसल्या होत्या. कमी बोलणारी बाई. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो. त्या म्हणाल्या, "हे आमचं हाय व्याही, टँकरचं नाय."

मी चहा घेत होतो तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. तुळशीराम आले होते. हिरामणच्या धाकट्या भावासाठी, दिलीपसाठी, त्यांची मुलगी ठरत आली होती, पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता. तुळशीरामांना मी चांगला ओळखत होतो, कारण त्यांच्या गावच्या विहिरीत मी दर उन्हाळ्यात खेप ओतायचो. ते गाडीवरून उतरले, अंगणाबाहेर उभ्या टँकरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे खरंच हाय," ते म्हणाले. "फाट्यावर सगळे बोलत व्हते, जांभूळदऱ्याला टँकर सुरू झाला. मला पटंना. म्हनलं, डोळ्यानं बघू."

हिरामण हसत पुढे आला. "अहो तसं नाय, बांधकामाला आणलाय. देवाचं मंदिर बांधतोय."

"बांधकामाला आणा नायतर कशाला आणा. टँकर त्यो टँकर." तुळशीराम बसले नाहीत, उभेच राहिले. "सखूबाई, रागवू नका. तुमच्यापेक्षा मोठ्या घरचं स्थळ आलं व्हतं माझ्या पोरीला. ती म्हनली, बाबा, जिथं टँकर येत नाय तिथं द्या मला. सातवीत असल्यापासून तिच्या डोक्यावर हंडा हाय. आता तिला काय सांगू मी?"

दिलीप दाराआड उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला इथून दिसत होता. यमुना चुलीपाशी होती, तिची पाठ आमच्याकडे होती.

सखूबाईंनी पदर नीट केला आणि माझ्याकडे वळल्या. "व्याही, एक इचारू? खडकपाड्यात माझी मावशी दिली व्हती. मी ल्हान असताना तिच्याकडं येत व्हते. तुमच्या शाळेच्या मागं झरा व्हता, त्यात आम्ही पाय सोडून बसायचो. त्यो झरा कुठं गेला?"

तो प्रश्न मला होता, पण ऐकवायचा होता हिरामणला, हे माझ्या लक्षात आलं. विचारणारी विहीण होती. विहिणीनं विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं, तिथं तोंड चालवल्याचा दोष येत नाही. म्हातारीनं माझी वाट मोकळी करून दिली होती.

मग मी सांगितलं. खडकपाड्यातसुद्धा देवराई होती. एवढी मोठी नव्हती, पण होती. पहिल्यांदा शाळेच्या वाशांसाठी तिथली झाडं तोडली. शाळा म्हणजे चांगलंच काम, कुणी नाही म्हटलं नाही. मग देवळासाठी तोडली, ते तर त्याहून चांगलं काम. उरलेली तोडायला मग काही कारणच लागलं नाही, एकदा कुऱ्हाड आत गेली की देवाचा धाक जातो. जळणाला गेली, कोळशाला गेली. झरा एका दिवसात गेला नाही. आधी वैशाखात थांबला. मग चैत्रात. मग होळीला. लोक म्हणायचे, यंदा पाऊसच कमी. पाऊस तेवढाच होता. वरची पानं गेली, खालची माती गेली, पाणी धरून ठेवणारं काही राहिलं नाही. "आमच्या देवळाला घुमट आहे," मी हिरामणला म्हणालो. "चांगला रंगवलेला आहे. देवाला आंघोळ घालायला पाणी मी नेतो, टँकरनं."

एवढं लांब मी त्या घरात कधी बोललो नव्हतो.

हिरामण खाली बघत होता. म्हणाला, "पण देव भिजतो, त्याचं काय?"

"भिजू दे," सखूबाई म्हणाल्या. "वाघाला कुणी घर बांधलंय का कधी? त्याला छप्पर पायजे असतं तर आजवर त्यानं मागितलं नसतं? सिमेट आणलंय ना, गावात चावडीपाशी भजनाला वटा बांधा. देवाच्या नावानं बांधा. पन त्याच्या घरात घुसू नका." मग तुळशीरामांकडे वळून म्हणाल्या, "आन तुम्ही बसा आता. उभ्यानं सोयरीक तुटत नाय."

तुळशीराम बसले.

लगेच सगळं मिटलं असं नाही. हिरामणला मंडळाच्या पोरांना समजवायचं होतं, ठेकेदाराला परत पाठवायचं होतं. पोरं आली, चढ्या आवाजात बोलणी झाली, एक-दोघं उठून गेले. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं व्हायची होती, आणि फाट्यावर काय बोललं जातंय हे तोपर्यंत सगळ्यांच्या कानावर आलं होतं. जंगल वाचवा असं कुणी भाषण केलं असतं तर ती पोरं ऐकून टाळ्या वाजवून गेली असती. मुली मिळणार नाहीत हे मात्र त्यांना पटकन कळलं. मला यात काही हलकं वाटत नाही. पोरी पाण्याकडे बघूनच घर निवडतात, आणि पाणी रानाकडे बघून राहतं, म्हणजे शेवटी गोष्ट एकच झाली.

उन्हं कलायला लागली तेव्हा हिरामण माझ्याकडे आला. हातात बादली होती. "मामा, एवढी भरून द्या."

मी व्हॉल्व्ह थोडा उघडून दिला. ती बादली आणि नारळाची किशी घेऊन तो वर गेला आणि झाडांवरचे चुन्याचे पट्टे त्यानं एकेक करून घासून काढले. छबू त्याच्या मागे मागे होती. झरा तिथंच हाताशी होता, पण त्याच्या पाण्यानं हे धुवायचं नाही असं त्याला वाटलं असावं. मी विचारलं नाही. जांभूळदऱ्यात माझ्या टँकरचं तेवढंच पाणी वापरलं गेलं.

आता प्रश्न माझा. भरलेला टँकर, ओतायला विहीर नाही. परत धरणापर्यंत नेण्यात अर्थ नव्हता आणि रस्त्यावर सोडणं माझ्यानं झालं नसतं. मी गाडी खडकपाड्याकडे घेतली. उतार होता, गाडी जड होती, पण शहाण्यासारखी चालली. गावात शिरताच पोरं ओरडली, "टँकर आला." बायका हंडे घेऊन बाहेर आल्या आणि गोंधळल्या, कारण आमची खेप आदल्याच दिवशी होऊन गेली होती. मी टँकर विहिरीला लावला आणि पाणी सोडलं. पिण्याचंच पाणी होतं ते.

विहिरीशी उभी असलेली एक म्हातारी, नात्यानं माझी चुलती लागते, म्हणाली, "आज रं कशी काय खेप?"

मी म्हणालो, "दुसऱ्या गावाची होती. त्यांना नको झाली."

तिनं दोरी सोडली आणि माझ्याकडे बघत राहिली. "पानी नको म्हननारं गावबी हाय का?"

"आहे," मी म्हणालो. तेवढा अभिमान मला माझ्या धंद्याचा कधी वाटला नव्हता, जेवढा ती एक खेप वाया गेल्याचा वाटला.

आता मी निवृत्त आहे. नाशिक रोडला मुलाकडे राहतो. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक शेजारी संध्याकाळी गप्पा मारायला येतात. परवा टीव्हीवर दूरच्या कुठल्या तरी देशातली जंगलं जळताना दाखवत होते, वर्षावनं म्हणतात त्यांना. वरून धूर, खाली धावणारी जनावरं. शेजारी म्हणाले, वाईट आहे, पण एवढ्या लांबचं आपण काय करणार? मला त्या देशाचं नावही नीट घेता येत नाही. पण रान दाट असताना पाऊस कसा मुरतो आणि उघडं पडल्यावर कसा पळतो, हे तिथं वेगळं असेल असं मला वाटत नाही. तिथंही डोंगराखाली गावं असतील. तिथंही कुणी तरी आपली मुलगी पाण्याच्या गावात दिली असेल. मला सारखं वाटत होतं की तिथल्या अंगणात एखाद्या सखूबाईनं कुणाला तरी वेळेवर विचारायला हवं होतं, झरा कुठं गेला म्हणून.

माझी एक रुखरुख राहिली आहे. माझ्या गावाला मी उभा जन्म पाणी पाजत आलो, पण झरा परत आणू शकलो नाही. गेल्या काही वर्षांत खडकपाड्याच्या पोरांनी वरच्या माळावर चराई बंद केली आहे, करंज आणि जांभूळ कमरेएवढे झाले आहेत. झरा नाही, पण मार्गशीर्षापर्यंत दगड ओले राहतात असं चुलतभाऊ सांगतो. ओला दगड ही मोठी गोष्ट आहे. मी बघायला असेन की नाही ठाऊक नाही, पण मी समाधानी आहे.

दिलीपच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला झऱ्याचं पाणी होतं. तुळशीरामांनी पंगतीत तीनदा मागून घेतलं. छबू आता नाशिकला नर्सिंग शिकते, हॉस्टेलचं पाणी आवडत नाही म्हणून घरून येताना बाटल्या भरून आणते आणि मला त्यातली एक देते. वाघदेव अजून भिजतोय. चावडीपाशी भजनाचा ओटा झाला आहे, चांगला ऐसपैस आहे, आणि त्यावर हिरामणचाच आवाज सगळ्यात मोठा असतो.

दर वाघबारशीला मी जांभूळदऱ्याला जातो, एसटीनं. पेठच्या स्टँडवर अजूनही कुणी तरी ओळखतं. आई झालेल्या बाया पोरांना माझ्याकडे बोट करून सांगतात, बघ, टँकर आला. मला आता त्याचं वाईट वाटत नाही. फाट्यावर उतरतो, टपरीवाल्याच्या मुलाकडे चहा घेतो आणि चालत आत जातो. गावाच्या तोंडाशी पोरं खेळत असतात. ही नवी पोरं आहेत, यांनी टँकर फक्त मोबाइलमध्ये बघितलाय. मी वळणावर दिसलो की ती खेळ टाकून गावाकडे पळत सुटतात आणि ओरडतात, "आजा आला, आजा आला."